परतीच्या वाटेवरील दोष

इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात निर्माण झालेली एमजीबी ही क्रीडामोटार आजही अनेक रसिकांनी जिवापाड जपलेली आहे. परंतु तिचे दिवे मंदावले किंवा स्टार्टर जड फिरू लागला की कधी बॅटरी, कधी डायनॅमो, कधी दिवा असे एकामागून एक भाग बदलीत सुटण्याची जी रीत पडली आहे, ती शास्त्राला धरून नाही. कारण अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा या भागांत नसून, ज्याची दखल सहसा घेतली जात नाही त्या अर्थिंगमध्ये असते.

बॅटरीचे एक टोक तारांनी दिव्यांशी जोडलेले असते आणि विद्युन्मंडल पूर्ण होते ते गाडीच्या पोलादी देहातून; देहाशी केलेली ही जोडणी म्हणजेच अर्थिंग. आरंभीच्या एमजीबीत या देहाला बॅटरीचे धन टोक जोडलेले असे, १९६७ च्या अखेरीस आलेल्या सुधारित गाडीपासून ऋण टोक जोडले जाऊ लागले. परंतु टोक कोणतेही असो, जोडणीच्या जागी गंज चढला वा रंगाचा थर आला की तेथे रोध उत्पन्न होतो.

या रोधाचा परिणाम गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाने मोजता येतो. बारा व्होल्टवर साठ वॅट शक्ती घेणाऱ्या दिव्यातून ५ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम, त्यात गंजाने अवघ्या ०.६ ओहमची भर घातली आणि दिव्याचा रोध स्थिर मानला, तर प्रवाह ४ अँपिअरवर येतो, दिव्याच्या वाट्यास ९.६ व्होल्ट उरतात, आणि तंतूचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी वेगाने घटत असल्यामुळे उजेड निम्म्याहूनही कमी होतो.

पुष्कळांची फसगत होते ती याच ठिकाणी. दिवा काढून त्या जागी मीटर लावला असता तो पुरते बारा व्होल्ट दाखवितो, कारण मीटरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, आणि प्रवाहावाचून रोध आपले अस्तित्व प्रकट करीत नाही. म्हणून तहकीकात दिवा पेटता ठेवूनच करावी: मीटरची एक तार बॅटरीच्या देहाशी जोडलेल्या टोकावर व दुसरी दिव्याच्या धातूच्या बैठकीवर टेकवली असता जो दाब दिसेल, तोच वाटेत वाया जाणारा दाब होय. तो शून्याच्या जवळ असावयास हवा. एखादा व्होल्ट दिसला, तर दुसरी तार सांध्यामागून सांधा बॅटरीकडे सरकवीत न्यावी, आणि ज्या सांध्यापाशी आकडा एकदम उतरेल तोच अपराधी समजावा.

स्टार्टरच्या बाबतीत ही दक्षता अधिकच अगत्याची आहे. त्यातून २०० अँपिअर वाहत असता ०.०१ ओहमचा क्षुल्लक रोधही २ व्होल्ट गिळतो. शिवाय इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असल्याने त्याला गाडीच्या देहाशी जोडणारी धातूची पट्टी तुटली, तर तो प्रचंड प्रवाह चोकच्या वा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून मार्ग काढतो आणि ती केबल तापून जळू शकते.

सांधा उघडून धातू लख्ख होईपर्यंत घासावा, घट्ट आवळून त्यावर व्हॅसलिनचा हात फिरवावा आणि तेच मापन पुन्हा करावे. आकडा उतरला तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येईल. आणि अशा रीतीने गाडीचे मूळचे भागही अकारण टाकून दिले जाणार नाहीत.