भूक हेही हत्यारच

अल फाशर पडल्याच्या बातम्यांत सौदी प्रसूती रुग्णालयातलं हत्याकांड ठळक छापून आलं, यायलाच हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे तिथे ४६०हून अधिक रुग्ण आणि त्यांचे सोबती मारले गेले. पण सुदानच्या दारफूर भागातल्या या शहराचा जीव २६ ऑक्टोबर २०२५च्या कितीतरी आधीपासून घेतला जात होता. मे २०२४पासून सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाचा वेढा होता. धान्य संपलं तेव्हा माणसं शेंगदाण्याची पेंड शिजवून खाऊ लागली, आपल्याकडे दुभत्या जनावरांपुढे ठेवतात तीच. पुढे पुढे तीही मिळेना.

त्यातच शहराभोवती मातीचा बांध घातला गेला. येल विद्यापीठातले नॅथॅनियल रेमंड आणि त्यांचे सहकारी उपग्रहांवरून येणारी छायाचित्रं सतत तपासत होते. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस त्यांनी तीस किलोमीटरहून लांब बांध जगाला दाखवला. पिठाचं पोतं आत येऊ नये आणि माणूस बाहेर पडू नये, यासाठीच तो होता. एवढं काम यंत्रं, डिझेल आणि वरून आलेला हुकूम यांशिवाय होत नाही. वेढा उठवा, असं सुरक्षा परिषदेने जून २०२४मध्येच बजावलं होतं.

देशांतर्गत युद्धातही निःशस्त्रांना माणुसकीनं वागवा, हे १९४९च्या जिनिव्हा करारांचं तिसरं कलम सांगतं, आणि ते सरकारइतकंच बंडखोरांनाही बांधतं. उपासमारीचं नाव मात्र त्यात नाही. ती बंदी १९७७च्या दुसऱ्या पुरवणी करारात आली. सुदानने तो २००६मध्ये स्वीकारला. भारताने आजवर नाही. शिक्षेची तऱ्हा तर संतापजनक आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात नागरिकांना उपाशी मारणं हा युद्धगुन्हा होता, पण लढाई दोन देशांमधली असेल तरच. गृहयुद्धासाठी दुरुस्ती झाली २०१९मध्ये, आणि तीही मोजक्याच देशांनी मान्य केली. अन्न तोडणारा परका की घरचा, यानं उपाशी लेकराला काय फरक पडतो?

दारफूरमधल्या २००३-०४च्या अत्याचारांबद्दल सरकारधार्जिण्या टोळ्यांचा म्होरक्या अली कुशैब याला याच न्यायालयात वीस वर्षांची शिक्षा झाली ती डिसेंबर २०२५मध्ये. या वेळी इतकी वाट पाहण्याचं कारण नाही. दारफूरचं प्रकरण २००५पासून याच न्यायालयाकडे आहे. लोकांचा नाश व्हावा म्हणून अन्न आणि औषध तोडणं मानवतेविरुद्धच्या ‘संहारा’त मोडतं, त्यासाठी नव्या दुरुस्तीची गरज नाही. बांध कसकसा वाढत गेला, याची छायाचित्रं तारखांसकट आहेत. तो घालण्याचा हुकूम कुणी दिला, हा तपास रुग्णालयातल्या गोळीबाराच्या तपासाइतक्याच नेटानं व्हायला हवा.