ख्रिस्ती जीवन आणि करमणूक – लेखांक ६ : आलिपियसचे मिटलेले डोळे

मूर्तीला वाहिलेले मांस खावे की खाऊ नये, हा प्रश्न करिंथच्या मंडळीने पौलापुढे टाकला तेव्हा त्याने सरसकट होकार दिला नाही आणि सरसकट नकारही दिला नाही, हे मागील लेखांकात आपण पाहिले. खाणाऱ्याच्या मनाची स्थिती, शेजारी बसलेल्या दुर्बळ बंधूची सदसद्विवेकबुद्धी आणि मंडळीची उन्नती या तिन्ही गोष्टी तोलून निर्णय करावयाची जबाबदारी त्याने ज्याच्या त्याच्या शिरावर ठेवली. ही जबाबदारी जड आहे, आणि ती उतरवून ठेवण्याची एक सोपी वाट मंडळीच्या इतिहासात वारंवार चोखाळली गेली आहे. कोणी अधिकारी पुरुषाने ग्राह्य काय आणि त्याज्य काय याची यादी करावी, तिचा हुकूमनामा काढावा, आणि इतरांनी तो शिरसावंद्य मानून निश्चिंत व्हावे. या वाटेने कोठवर जाता येते, याचा आज विचार करू.

या वाटेवरचा पहिला मोठा पुरुष टर्टुलियन. इ. स. २०० च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत, त्याने सार्वजनिक खेळतमाशांविरुद्ध एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रथांच्या शर्यती, नाट्यगृहातील प्रयोग, आणि माणसे माणसांना व श्वापदे माणसांना फाडीत ते आखाड्यातील खेळ, हे त्या काळच्या रोमन नागरिकाच्या आयुष्याचे नित्याचे अंग होते, आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेली मंडळी त्याला विचारीत असत की, शर्यतीला जाऊ नये असे शास्त्रात कोठे लिहिले आहे? तशी स्पष्ट आज्ञा कोठेही नाही, हे टर्टुलियनने प्रामाणिकपणे मान्य केले, आणि येथेच त्याचा मोठेपणा दिसतो. मग त्याने मुळाशी जाऊन दाखविले की हे सारे खेळ दैवतांच्या उत्सवांतून जन्मले आहेत, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी सैतान व त्याचा सारा थाटमाट यांचा त्याग करण्याची जी शपथ आपण घेतली तिच्यात हे खेळ येतातच. नाट्यगृहात गेलेली एक स्त्री भूतबाधा होऊन परतली आणि जाब विचारता ते भूत म्हणाले की ही मला माझ्याच हद्दीत सापडली, असा एक प्रसंगही त्याने नोंदविला आहे.

परंतु या ग्रंथाचा शेवट वाचताना मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही. तुम्हाला तमाशाच पाहावयाचा असेल तर न्यायाच्या दिवसाची वाट पाहा, असे सांगून टर्टुलियन त्या दिवशी अग्नीत तळमळणाऱ्या राजांचे, तत्त्ववेत्त्यांचे, नटांचे आणि सारथ्यांचे चित्र रंगवितो, आणि ते रंगविताना त्याला वाटणारा आनंद त्याच्या लेखणीतून लपत नाही. ज्याने आयुष्यभर आखाड्याकडे पाठ फिरविली त्याच्या अंतःकरणात आखाड्याची चव तशीच शिल्लक राहिली होती. मला त्याच्याविषयी आदर आहे, आणि म्हणूनच हे पान मी फार गंभीरपणे घेतो. निषेध कितीही कडक असला तरी तो पायांना थांबवितो. दुसऱ्याच्या यातना पाहून सुखावणारी वृत्ती मात्र त्याने आपोआप मरत नाही.

सुमारे दोनशे वर्षांनी संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात याच विषयावर जी हकीकत लिहून ठेवली आहे, ती ख्रिस्ती वाङ्मयातील या प्रश्नाचे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण होय, असे माझे मत आहे. आलिपियस हा ऑगस्टीनचा थागास्ते गावचा मित्र, त्याचा शिष्य, आणि पुढे त्याच गावचा बिशप. कायद्याच्या अभ्यासासाठी तो रोमला गेला असता काही सहाध्यायी त्याला जेवणानंतर आग्रहाने, जवळजवळ ओढीतच, आखाड्याकडे घेऊन गेले. तो त्या खेळांचा तिरस्कार करीत असे. माझे शरीर तुम्ही तेथे नेऊ शकाल, मन नेऊ शकणार नाही, असे त्याने त्यांना बजावले, आणि जागेवर बसताच डोळे घट्ट मिटून घेतले. कान मात्र त्याला मिटता आले नाहीत. आखाड्यात कोणी योद्धा कोसळला, हजारो कंठांतून आरोळी उठली, आणि काय झाले ते पाहून त्याचाही तिरस्कार करू, अशा विश्वासाने त्याने डोळे उघडले. त्या क्षणी खाली पडलेल्या योद्ध्यापेक्षा तो अधिक घायाळ झाला. रक्त दिसताच त्याने दृष्टी वळविली नाही. तो पाहत राहिला, ओरडू लागला, आणि पुढे ज्यांनी त्याला तेथे आणले होते त्यांच्याही पुढे धावून इतरांना आणू लागला.

आलिपियसला नियम ठाऊक होता आणि त्याचे मतही योग्य होते. त्याचा घात केला तो त्याच्या आत्मविश्वासाने, आणि ऑगस्टीन नेमके तेथेच बोट ठेवतो : देवावर भिस्त ठेवावयाची तेथे त्याने स्वतःवर ठेवली होती. गर्दीत बसल्यावर आपण एकटे उरत नाही, गर्दीची आरोळी आपलीही होते, हे त्याने गृहीत धरले नव्हते. विवेकाची खरी वेळ आखाड्याच्या दारापाशी होती. आत शिरून बसल्यावर डोळे मिटण्यात शहाणपण उरले नव्हते.

याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ऑगस्टीनने कार्थेजच्या नाट्यगृहातील स्वतःच्या अश्रूंची तपासणी केली आहे. रंगभूमीवरच्या दुःखाने आपण रडतो आणि त्या रडण्याने सुखावतो, पण ज्याच्यासाठी रडलो त्याच्या साहाय्याला धावावे असे काही तेथे आपल्याला कोणी सांगत नाही. मग ही करुणा कसली, असा त्याचा प्रश्न आहे. हिंसा आणि अश्लीलता यांच्यापुरताच विवेक चालविणाऱ्या आपल्या घरांना हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे, कारण ज्या मालिकांना आपण निरुपद्रवी समजतो त्या मुख्यत्वे अशाच अश्रूंवर चालतात. मालिकेतल्या छळल्या गेलेल्या सुनेसाठी डोळे पुसणाऱ्या आणि स्वतःच्या सुनेशी धड न बोलणाऱ्या घरात अयोग्य असे एकही दृश्य दिसले नसेल. तरीही त्या घराच्या करमणुकीत काही तरी बिघडले आहे हे उघड आहे.

यादीच्या वाटेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत संघटित प्रयोग विसाव्या शतकात अमेरिकेत झाला. चित्रपटांसाठीची नैतिक संहिता १९३० मध्ये डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूच्या साहाय्याने तयार झाली होती, पण निर्माते तिला जुमानीत नव्हते. तेव्हा १९३४ मध्ये कॅथलिक बिशपांनी 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही चळवळ उभी केली. देवळांतून भाविक उभे राहून अनिष्ट चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेऊ लागले, चित्रपटांची प्रतवारी होऊ लागली, आणि सर्वांत खालची 'निषिद्ध' ही प्रत मिळण्याच्या धाकाने चित्रसंस्था आपणहून दृश्ये कापू लागल्या. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डॉहर्टी यांनी तर आपल्या हद्दीतील कॅथलिकांना चांगल्या-वाईटाचा भेद न करता सर्वच चित्रपटगृहे वर्ज्य केली. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी चित्रपटविषयक परिपत्रक काढून या चळवळीची प्रशंसा केली आणि इतर देशांतील बिशपांनाही तिचा कित्ता गिरविण्यास सांगितले. केवळ गल्ल्यावर नजर ठेवणाऱ्या धंद्याला समाजाचा धाक बसला, हे या चळवळीचे श्रेय कोणी नाकारू नये.

परंतु यादी करणाऱ्याला घाईने शिक्के मारावे लागतात. इटलीचे दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा 'द मिरॅकल' हा लघुचित्रपट डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्कला लागला. एका भोळ्या गुराखी स्त्रीला भेटलेला अनोळखी पुरुष तिला संत योसेफ वाटतो; तिला दिवस जातात, गाव तिची कुचेष्टा करते, आणि ती डोंगरावरील एकाकी चर्चच्या आश्रयाला जाते, असे त्याचे कथानक. कार्डिनल स्पेलमन यांनी त्याचा जाहीर धिक्कार केला, चित्रपटगृहाबाहेर निदर्शने झाली, परवाना रद्द झाला; आणि १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. ज्या सेन्सॉरव्यवस्थेच्या आधारावर हा लढा दिला गेला, तिचाच पाया या निकालाने खिळखिळा झाला.

याहून बोलका दाखला पिएर पाओलो पासोलिनी यांचा आहे. निरीश्वरवादी, मार्क्सवादी, आणि १९६३ मध्ये 'ला रिकोत्ता' या चित्रपटाबद्दल धर्माच्या अवमानाच्या आरोपाखाली शिक्षा झालेला हा माणूस १९६४ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट घेऊन आला. ख्रिस्ताची भूमिका एका स्पॅनिश विद्यार्थ्याने केली, बाकीची बरीच माणसे दक्षिण इटलीतील दगडी गावांतून निवडली, संवाद मत्तयाच्या मजकुरातले ठेवले, आणि वधस्तंभापाशी आक्रोश करणाऱ्या वृद्ध मरियेच्या भूमिकेसाठी पासोलिनींनी स्वतःच्या आईला उभे केले. तो चित्रपट त्यांनी पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीस अर्पण केला. चित्रपटकलेला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९९५ मध्ये व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची निवड प्रसिद्ध केली, तीत पासोलिनींचा हा चित्रपट आहे, रोस्सेलिनींचेही दोन आहेत, आणि 'द बर्मीज हार्प' हा बौद्ध भिक्षूची वस्त्रे परिधान करणाऱ्या जपानी सैनिकाची कथा सांगणारा चित्रपटही आहे. कर्त्याचे नाव, त्याचा पक्ष किंवा त्याची मागची शिक्षा पाहून ज्यांनी दार बंद केले असेल त्यांना शुभवर्तमानाचे हे दर्शन घडलेच नसेल.

हाच न्याय उलट दिशेनेही लावला पाहिजे. 'ख्रिस्ती' असा शिक्का असलेले कार्यक्रम आज मोबाईलवर अहोरात्र चालू असतात, आणि त्यांतील कित्येकांत देणगीच्या बदल्यात आरोग्य व संपत्ती यांचे आश्वासन इतक्या राजरोसपणे विकले जाते की, चांगल्या लौकिक नाटकापेक्षा त्यांच्यापासून आपल्या घरांना अधिक धोका आहे असे मला मनापासून वाटते. सर्व गोष्टींची पारख करण्याचा पौलाचा उपदेश मुळात संदेशांविषयीच आहे. उपदेशकाला त्यातून सूट नाही. आणि नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन जवळ केले तेव्हा त्यांनीही पारखच केली होती. परंपरेचा साचा परका ठरवून टाकून दिला असता तर मराठी ख्रिस्ती उपासना आज कितीतरी दरिद्री असती.

आता आपल्या स्वतःच्या आखाड्याविषयी. आलिपियसला निदान मित्रांनी ओढून न्यावे लागले आणि वाटेत एक दार ओलांडावे लागले. आपल्या हातातील पडद्याला दार नाही. एक भाग संपताच काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो, आणि आपण कशावर किती वेळ रेंगाळलो याची नोंद ठेवून तशाच आणखी गोष्टी पुढे केल्या जातात. रागाने पाहिले की आवडीने, हा भेद ती नोंद फारसा करीत नाही. म्हणून निर्णय आधी व्हावयास हवा, आणि तो एकट्याने होऊ नये. मुलांना एक नियम घालून देऊन ती झोपल्यावर आपण दुसरेच पाहणारे वडील नियमाचे मोल मुलांपेक्षा आधी स्वतः गमावतात. आणि दुसऱ्याच्या घरात काय पाहतात याची चौकशी करण्याचा अधिकार रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाने आपल्याला दिलेला नाही.

पाहून उठल्यानंतरचा अर्धा तास ही माझ्या मते सर्वांत विश्वसनीय कसोटी आहे : त्या वेळात घरातील माणसांशी आपण कसे बोलतो, कौटुंबिक प्रार्थनेला किंवा रोझरीला बसताना मन कोठे असते, ज्यांच्याविषयी पडद्यावर ऐकले त्या माणसांविषयी मनात काय उरते. वाचकांना माझी विनंती आहे की, या आठवड्यात पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय मोबाईलवर आणि टीव्हीवर बंद करावी, एकच गोष्ट सर्वांनी मिळून ठरवून पाहावी, आणि पडदा बंद झाल्यावर उठण्यापूर्वी तिच्याविषयी एकमेकांशी बोलावे. पुढील लेखांकात बातम्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारे संदेश यांचा विचार करू.