उंची स्मार्टफोन आणि धारकांचे अभिप्राय : नेरच्या निमित्ताने

वस्तू विकत घेण्यापूर्वी ती वापरीत असलेल्या माणसास विचारावे, ही रीत जुनी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील नेर परसोपंत या तालुक्याच्या गावी आणि आसपासच्या खेड्यांत कपाशीचे बियाणे घेताना हेच केले जाते. मात्र तेथे शेजाऱ्याचे मत जसेच्या तसे कोणी उचलीत नाही. त्याची जमीन भारी की हलकी, पेरणी वेळेवर झाली की लांबली, फवारण्या किती झाल्या, हे विचारून घेऊन मगच त्याच्या मताला किती वजन द्यावयाचे ते ठरते. म्हणजे अभिप्राय आणि तो ज्या परिस्थितीत तयार झाला ती परिस्थिती, या दोहोंचा हिशेब एकत्रच केला जातो. स्मार्टफोनसारखी नवी व महाग वस्तू घेताना ही सावधगिरी सहसा दिसत नाही. धारकाचे मत म्हणजे फोनचेच वर्णन, असे गृहीत धरले जाते. अँड्रॉइड प्रणालीवर चालणाऱ्या उंची फोनांविषयी धारक जे सांगतात, त्यातले किती फोनचे असते आणि किती किमतीचे, हवामानाचे व काळाचे असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम किंमत. सॅमसंग कंपनीचा गॅलॅक्सी एस-24 अल्ट्रा हा फोन जानेवारी 2024 मध्ये भारतात जाहीर झाला, तेव्हा त्याची आरंभीची किंमत 1,29,999 रुपये होती. 2023-24 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 7,020 रुपये होती. म्हणजे हमी भावाने सुमारे साडेअठरा क्विंटल कापूस विकावा, तेव्हा हा एक फोन येतो. कोरडवाहू कपाशीचा उतारा एकरी चार-पाच क्विंटल धरला, तर ही चार एकरांची वेचणी झाली. आणि तीही बियाणे, खत, निंदण व वेचणीची मजुरी वजा न करता. हप्त्यांची सोय झाल्याने रक्कम डोळ्यांना लहान दिसते, इतकेच. अशा खरेदीत दुसऱ्याच्या अभिप्रायावर विसंबून चूक झाली, तर ती एका हंगामाच्या पदरात पडते.

अर्थशास्त्रात फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये वस्तूंच्या गुणांचा एक उपयुक्त भेद मांडला. काही गुण खरेदीपूर्वी पाहून कळतात, काही वापरल्यावरच कळतात. 1973 मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा वर्ग जोडला : वापरूनही सामान्य ग्राहकास ज्यांची खातरजमा करता येत नाही असे गुण. फोनचा आकार, वजन, पडद्याचा रंग हे पहिल्या वर्गात येतात. विद्युत्‌घट दिवसभर टिकतो की नाही, फोन हातात तापतो की नाही, हे दुसऱ्या वर्गात. आणि पुढील सात वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतील, हे निर्मात्याचे वचन आज तरी तिसऱ्या वर्गातच धरावे लागते. धारकाला आपण विचारतो ते दुसऱ्या वर्गातील गुणांविषयी. तो उत्साहाने सांगतो ते पुष्कळदा पहिल्या वर्गातील गुणांविषयी. प्रश्न आणि उत्तर यांत पडणारे हे अंतर दोघांच्याही ध्यानात येत नाही.

त्यात मनाचा एक व्यापार मिसळतो. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेला संज्ञानात्मक विसंवादाचा सिद्धान्त विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. त्याचा उगम मात्र आपल्याकडील एका घटनेशी जोडलेला आहे, हे फारसे सांगितले जात नाही. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी प्रसिद्ध केला होता. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांच्या डोळ्यांसमोर पडझड झाली नव्हती, अशा लोकांत आणखी भयंकर संकटे येणार असल्याच्या अफवा पसरल्या. भीती तर मनात होती, पण तिला साजेसे कारण समोर नव्हते. अफवेने ते कारण पुरविले, असा अर्थ फेस्टिंगर यांनी त्यातून काढला. फोनच्या धारकाचे काहीसे असेच होते. लाख-सव्वालाख रुपये तर खर्च झाले. आता त्या खर्चास साजेसे कारण हवे. ‘छायाचित्रे अप्रतिम येतात’ हे वाक्य अनेकदा छायाचित्रांपेक्षा त्या रकमेविषयी अधिक बोलत असते. याचा अर्थ धारक खोटे बोलतो असा नव्हे. त्याला छायाचित्रे खरोखरच अधिक चांगली दिसतात.

आता हवामान, आणि येथे नेरचा प्रश्न पुण्या-मुंबईहून वेगळा होतो. फोनचा उपयोग 0 ते 35 अंश सेल्सिअस या भोवतालच्या तापमानात करावा, असे निर्माते सर्वसाधारणपणे सुचवितात. विदर्भात एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारचे तापमान 42 अंशांच्या पुढे जाते व काही दिवस 45 च्या आसपास राहते. म्हणजे वर्षातील काही आठवडे, दिवसाचे कित्येक तास, फोन निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेच्या बाहेरच वापरला जातो. फोनमध्ये पंखा नसतो. आत निर्माण झालेली उष्णता काचेतून व कडेच्या धातूतून बाहेरच्या हवेत जावी लागते, आणि बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती जाण्याचा वेग मंदावतो. मग फोन स्वतःचे रक्षण करू लागतो : संस्कारकाचा वेग उतरवितो, घट भरण्याचा वेग कमी करतो, छायाचित्रणाची काही कामे थांबवितो आणि पडद्याचा उजेड कमी करतो.

यातील शेवटची गोष्ट शेतात उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत अधिक खटकते. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. काचेच्या पृष्ठभागावरून साधारणतः चार टक्के प्रकाश परत फिरतो, आणि तापलेल्या आकाशाचे हे प्रतिबिंब पडद्यावरील अक्षरांवर पसरते. ते झाकून टाकण्यासाठी पडदा अधिक तेजाने उजळावा लागतो. म्हणून निर्माते पडद्याच्या तेजाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापतात. एस-24 अल्ट्राचा असा कमाल आकडा 2600 निट आहे. एस-24 अल्ट्राच्या काचेवर प्रतिबिंब कमी करणारा लेपही दिलेला आहे, आणि तो निश्चितच उपयुक्त आहे. परंतु कमाल तेज हे थोड्या वेळापुरते आणि फोन थंड असताना मिळणारे तेज होय. ऊन कडक असते तेव्हाच उजेड हवा असतो, आणि ऊन कडक असते तेव्हाच तो आवरावा लागतो. यास्तव मेच्या दुपारी बांधावर उभ्या असलेल्या धारकाने ‘पडदा मंद पडतो’ म्हणावे आणि वातानुकूलित दुकानात बसलेल्याने त्याच पडद्याची वाखाणणी करावी, यात विरोध काहीच नाही. दोघेही खरे सांगत असतात.

याला जोडूनच एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. गॅलॅक्सी एस मालिकेतील फोन अलीकडे जानेवारी-फेब्रुवारीत जाहीर होतात : एस-23 हा 1 फेब्रुवारी 2023 रोजी, एस-24 हा 17 जानेवारी 2024 रोजी, एस-25 हा 22 जानेवारी 2025 रोजी. युरोप-अमेरिकेतील पहिले धारक त्याविषयी लिहितात, तेव्हा तेथे कडाक्याची थंडी असते. नेरच्या बाजूला याच सुमारास कापसाचे पैसे हातात आलेले असतात, आणि येथेही सकाळ-संध्याकाळ हवेत गारवा असतो. म्हणजे अभिप्राय थंडीत लिहिलेला, वाचलेला थंडीत, आणि फोनही थंडीतच घेतलेला. पहिला मे महिना त्यानंतर तीन-चार महिन्यांनी येतो. तोवर नवेपणाचे बोलणे संपलेले असते आणि पहिल्या महिन्यात दिलेले मत बदलून सांगण्याची कोणाला गरज वाटत नाही. उष्णतेविषयीचा अनुभव अशा रीतीने अभिप्रायांच्या संग्रहातून आपोआप गळतो. तो कोणी लपवीत नाही. शिवाय उष्णतेचा घटावर होणारा परिणाम संथ असतो. पूर्ण भरलेला लिथियम-आयन घट तापत राहिला, तर त्याची धारणशक्ती अधिक वेगाने घटते. दोन उन्हाळे काढलेला फोन दिवस पुरत नाही, तेव्हा धारक कंपनीला दोष देतो. उशाशी किंवा मोटारीत समोरच्या काचेखाली तापत ठेवलेल्या घटाची त्याला आठवण नसते.

दूरच्या धारकाचे मत आणखी एका कारणाने फसवे ठरते. एकाच नावाखाली दोन निराळे फोन विकले जातात. 2020 च्या गॅलॅक्सी एस-20 मध्ये अमेरिकेत स्नॅपड्रॅगन 865 हा संस्कारक होता, भारतात एक्सिनॉस 990. दोहोंचा वेग, तापणे आणि घटाचा खप सारखा नव्हता. 2023 च्या एस-23 मध्ये सर्वत्र स्नॅपड्रॅगन आला. 2024 मध्ये भारतातील एस-24 व एस-24 प्लस पुन्हा एक्सिनॉसवर गेले, अल्ट्रा मात्र स्नॅपड्रॅगनवरच राहिला. त्यामुळे अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याने नेरच्या मामांना कळविलेले मत कितीही प्रामाणिक असो, ते दुसऱ्याच यंत्राविषयी असू शकते. गूगलच्या पिक्सेल-4 ची गोष्ट तर याहून विलक्षण. 2019 मध्ये तो भारतात आलाच नाही, कारण त्यातील हालचाल टिपणारे रडार ज्या 60 गिगाहर्ट्‌झ लहरींवर चाले, त्यांच्या वापरास येथे परवानगी नव्हती. 1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली, त्या वेळीही ती सेवा घेण्याची क्षमता असलेले अनेक महाग फोन निर्मात्याची सुधारणा येईपर्यंत चौथ्या पिढीवरच चालत होते.

मग पुष्कळ धारकांना विचारले म्हणजे भागेल काय? काही दोषांच्या बाबतीत तेही पुरत नाही. गॅलॅक्सी नोट-7 ऑगस्ट 2016 मध्ये आला, तेव्हा त्याचे स्वागत उत्तम झाले होते. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील ग्राहक-सुरक्षा आयोगाने सुमारे दहा लाख फोन परत घेण्याची घोषणा केली, तेव्हा घट अतितप्त झाल्याच्या 92 तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. हे प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. त्या वेळी कोणी यदृच्छेने निवडलेल्या एक हजार धारकांची मुलाखत घेतली असती, तरी असा एकही धारक न भेटण्याचा संभव दहांत नऊ इतका होता. अर्थात ‘हजार लोक समाधानी आहेत’ हे विधान पूर्णपणे खरे असूनही ती वस्तू आगीला कारण होऊ शकत होती. बदलून दिलेल्या फोनांनीही पेट घेतल्यावर ऑक्टोबर 2016 मध्ये उत्पादन बंद झाले. अभिप्राय हे सर्वसामान्य अनुभवाचे साधन आहे, विरळ धोक्याचे नव्हे, हे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये.

याच्या उलट, काही दोष केवळ धारकांच्या संचित अनुभवातूनच उघडकीस येतात, आणि तेही उशिरा. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ उमटण्याची तक्रार भारतात दोन-तीन वर्षे जुन्या फोनांविषयी वाढली, तेव्हा 2023 मध्ये वनप्लस कंपनीने आपल्या काही निवडक प्रकारांच्या पडद्यांना आजीवन हमी दिली. पहिल्या आठवड्यातील कोणताही अभिप्राय हे सांगू शकला नसता. ज्या गावात कंपनीचे अधिकृत सेवा-केंद्र नाही, तेथील धारकाला अशा दोषाची किंमत प्रवास, खोटी झालेली मजुरी आणि फोनवाचून काढलेले दिवस अशीही मोजावी लागते. शहरातील धारकाच्या मतात हा खर्च येत नाही.

मराठी लेखनाविषयी मात्र किमतीचा फरक जवळजवळ उरलेला नाही. अँड्रॉइडच्या आरंभीच्या काळात देवनागरीऐवजी चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे सुटी पडत; आज ‘दऱ्या’ मधील ऱ आणि ‘ॲ’ ही अक्षरे दहा हजारांच्या फोनवरही बहुधा नीट उमटतात. तसेच 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून काढावयाचे पिकाचे छायाचित्र साध्या फोनने काढले तरी काम भागते. वीस कोटी चित्रबिंदूंचा उंची कॅमेराही एरवी सोळा-सोळा बिंदू एकत्र करून सव्वा कोटीच्या आसपास बिंदूंचेच चित्र साठवितो.

तेव्हा धारकास ‘फोन कसा आहे?’ असे विचारण्याऐवजी तो कोणत्या महिन्यात घेतला, त्यापूर्वी कोणता होता, त्याने किती उन्हाळे पाहिले आणि दिवसाचा किती वेळ तो उघड्यावर असतो, हे विचारल्यास उत्तर अधिक उपयोगी पडेल. पूर्वीच्या फोनचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण पाच वर्षांचा स्वस्त फोन टाकून आलेल्यास कोणताही नवा फोन वेगवान वाटणारच. त्याहून मोलाचा साक्षीदार म्हणजे दुसरा धारक : ज्या धाकट्या भावाला किंवा मुलीला तो फोन तीन वर्षांनी घरातच मिळाला. त्याने किंमत मोजलेली नसते, म्हणून तिचे समर्थन करण्याचे कारणही त्याला नसते. मात्र त्याला सहसा कोणी विचारीत नाही. जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या एस-24 ला सात वर्षे सुधारणा मिळतील, हे वचन 2031 मध्ये पारखले जाईल, आणि त्या वेळी तो फोन बहुधा अशाच कोणा दुसऱ्या किंवा तिसऱ्या धारकाच्या हातात असेल.