जुनी मोटार सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

आपल्या गांवांतून अजूनहि गोठ्याशेजारच्या एखाद्या छपरांत जुनी पेट्रोलची मोटार उभी असलेली दिसते. वडिलांनीं उसाच्या बिलांतून घेतलेली. विकावयास मन होत नाहीं आणि रोज वापरावयाची गरजहि पडत नाहीं. आठवडेच्या आठवडे ती हलत नाहीं, आणि खरी निकड पडते नेमकी त्याच दिवशीं ती रुसते. अशा वेळीं घाबरून न जातां दोष क्रमानें कसा शोधावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे. लेखक कोणी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला, थोडीबहुत शेती असलेला गृहस्थ आहे. परंतु एका चुकीची किंमत त्यास मोजावी लागली, ती इतरांवर येऊं नये एवढाच हेतु.

उदाहरणासाठीं आमच्या घरची 'पद्मिनी' घेतों. मुंबईस कुर्ला येथें प्रीमियर कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० या नमुन्यावर ही मोटार १९६४ पासून तयार होऊं लागली, आणि १९७४ पासून तीस पद्मिनी हें नांव मिळालें. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, व ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीहि गेली. एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, सिलिंडर चार, वीज १२ व्होल्टची, पेट्रोल कार्बोरेटरमधून, आणि ठिणगी डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांकडून. याच बांधणीच्या जुन्या अँबॅसडरला व पेट्रोलच्या जीपलाहि पुढील विवेचन बहुतांशीं लागू पडतें.

२०२४ सालच्या श्रावणांतील गोष्ट. रात्रीं अकराच्या सुमारास माझ्या ज्येष्ठ बंधूंच्या छातींत कळ येऊं लागली. १०८ ची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णास घेऊन गेलेली. तीस वेळ लागेल असें कळलें. मोटार दारांतच होती. किल्ली फिरविली, तों सेल्फनें एकदां कण्हल्यासारखा आवाज केला व तो स्वस्थ बसला. मीं चोक ओढून पुनःपुन्हां किल्ली फिरविली. चोकची तार हातास गरम लागली, किंचित् जळका वासहि आला; पण त्या धांदलींत मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. चौघांनीं मोटार ढकलून पाहिली, तीं चाकें चिखलांत रुतलीं. अखेर शेजाऱ्यांस उठवून त्यांच्या जीपमधून बंधूंस नेलें. तोंवर पाऊण तास गेला होता. ते वांचले, परंतु "थोडें आधीं आणलें असतें तर बरें झालें असतें," असें डॉक्टर म्हणाले. आजहि जिना चढतांना त्यांस दम लागतो.

पुढें तालुक्याच्या एका गॅरेजांत मोटार टाकली. बॅटरी नवी, कॉइल नवी, सेल्फ उकलून बांधलेला, असे मिळून साडेनऊ हजार रुपये झाले. दीड महिन्यानें पुन्हां तोच कण्हण्याचा आवाज! खरा दोष अवघ्या दीडशें रुपयांच्या एका पट्टींत होता. तो कसा सापडला हें खालीं योग्य स्थळीं येईल.

मूळ सूत्र

पेट्रोलचें एंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात: सेल्फनें एंजिन जोरानें फिरविलें पाहिजे, योग्य वेळीं ठिणगी पडली पाहिजे, पेट्रोल पोहोंचलें पाहिजे, आणि सिलिंडरांत हवेचा दाब धरला पाहिजे. चारांपैकीं एक नसली तरी मोटार सुरू होणार नाहीं, आणि तीन ठीक आहेत असें ठरल्यावर दोष चौथींत असलाच पाहिजे. कचेरींत ताळा जुळत नसे तेव्हां आम्ही सर्व वह्या नव्यानें लिहीत नसूं. एकेक रकाना तपासून बरोबर ठरला कीं त्यावर खूण करून पुढें जात असूं. येथेंहि तसेंच करावें. एका वेळीं एकच गोष्ट तपासावी, एकच बदलावी, आणि तपासल्यावांचून कांहींच विकत आणूं नये.

आरंभीं मोटार न्यूट्रलमध्यें घालून हातब्रेक ओढावा. जवळपास विडीकाडी वा कंदील नसावा. बॅटरींतून निघणारा वायु व पेट्रोलची वाफ हीं दोन्हीं पेट घेतात.

पहिली परीक्षा: सेल्फ

पुढील दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीं मंद झाले व सेल्फ फिरला नाहीं, तर दोष बहुधा बॅटरींत किंवा तिच्या जोडांत असतो. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले व सेल्फ मुका राहिला, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाहीं. स्विच, त्याची तार व खुद्द सेल्फ पाहावा.

बाजारांत तीनचारशें रुपयांत साधा मल्टीमीटर मिळतो, तो प्रत्येकानें घ्यावा. मोटार रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ वा त्याखालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असतां आंकडा साडेनवाच्या खालीं जाऊं नये. टर्मिनलांवर पांढरा-हिरवा क्षार चढला असेल तर जोड सोडून (अर्थचा प्रथम सोडावा, शेवटीं लावावा) खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावा, घांसून लखलखीत करावा व घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावावें. सोड्याचें पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊं देऊं नये.

आतां माझ्या मोटारीचा दोष. वीज ही रहाटाच्या माळेसारखी आहे: जाडी तार धरून ती सेल्फपर्यंत जाते, आणि एंजिनाच्या अंगावरून व मोटारीच्या सांगाड्यावरून बॅटरीकडे परत येते. एंजिन रबरी उशांवर बसविलेलें असल्यामुळें तें व सांगाडा यांस जोडणारी तांब्याच्या विणकामाची एक पट्टी असते. ती पट्टी खालच्या बाजूस चिखलापाण्यानें कुजली होती. परतीची वाट बंद झाली कीं वीज दुसरी वाट शोधते. ती तिला चोकच्या बारीक तारेंतून मिळाली, म्हणून ती तार तापली! त्या रात्रीं मोटारीनें आपला दोष माझ्या हातांतच दिला होता. मला तो वाचतां आला नाहीं.

याची परीक्षा सोपी आहे. मल्टीमीटरचें एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर व दुसरें एंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सोबत्यास किल्ली फिरवावयास सांगावें. आंकडा अर्ध्या व्होल्टाहून कमी असावा. माझ्या मोटारीचा चारावर गेला. जंपर केबलीनें अर्थचा खुंट व एंजिन थेट जोडतांच सेल्फ जोरानें फिरला. पट्टी बदलली, आणि तेव्हांपासून ती तक्रार राहिली नाहीं.

सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये व मध्यें अर्धा मिनिट थांबावें. नाहीं तर सेल्फ तापतो व बॅटरीहि बसते.

दुसरी परीक्षा: ठिणगी

सेल्फ चांगला फिरूनहि एंजिन धरत नसेल तर एक प्लग काढून त्याच्या तारेस लावावा, प्लगचें अंग एंजिनाच्या लोखंडास टेकवून ठेवावें व किल्ली फिरवावी. तार हातांत धरूं नये. तींत कित्येक हजार व्होल्ट असतात. ठिणगी निळसर व तडतडणारी असावी. पिवळट व अशक्त ठिणगी नसल्यासारखीच समजावी.

ठिणगी नसेल तर प्रथम किल्ली चालू ठेवून कॉइलवर वीज येते कीं नाहीं पाहावें. येत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडावें. पावसाळ्यांत झांकणाच्या आंत दंव धरतें. कोरड्या फडक्यानें पुसल्यानेंच पुष्कळ मोटारी सुरू होतात. झांकणास वा रोटरला केसासारखी काळी रेघ पडली असेल तर मात्र ते बदलावे. मोटार फार दिवस उभी राहिली असेल तर पॉइंटांच्या तोंडांवर अस्तर चढतें. पॉलिश कागदाची बारीक पट्टी त्यांमधून फिरवून तें काढावें व कोरा कागद ओढून धूळ पुसावी. पॉइंट पूर्ण उघडे असतां फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर व प्लगची फट सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावी. पॉइंट वरचेवर जळत असतील तर कंडेन्सर बिघडला असें समजावें. या कामांत किल्ली विनाकारण चालू ठेवूं नये. कॉइल तापून निकामी होते.

तिसरी परीक्षा: पेट्रोल

ठिणगी उत्तम असेल तर पेट्रोलकडे वळावें. प्रथम कॉइलची तार काढून ठिणगी बंद करावी. कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून तिचें टोक कांचेच्या बाटलींत धरावें व सेल्फ फिरवावा. पेट्रोल ठोक्याठोक्यानें, धारेनें आलें पाहिजे. न आल्यास टाकींत पेट्रोल आहे ना, फिल्टर तुंबला नाहीं ना, रबरी नळी फाटून हवा खेंचीत नाहीं ना, आणि शेवटीं पंपाचा पडदा फाटला नाहीं ना, या क्रमानें पाहावें. उंदीर नळ्या कुरतडतात, हेंहि छपरांतल्या मोटारींत विसरूं नये.

बाटलींतील पेट्रोल घटकाभर स्थिर ठेवून पाहावें. इथेनॉलचें मिश्रण देशभर जून २०२२ मध्यें सरासरी १० टक्क्यांस व २०२५ मध्यें २० टक्क्यांस पोहोंचलें. हें इथेनॉल तुमच्याआमच्याच उसाच्या रसापासून व मळीपासून, तसेंच मका व तांदूळ यांपासून होतें. त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु तें हवेंतील ओल शोषून घेतें. पाणी फार झालें कीं इथेनॉल व पाणी यांचा थर टाकीच्या तळाशीं बसतो, आणि पंप तळाचेंच खेंचतो. बाटलींत दोन थर दिसले तर टाकी रिकामी करावी. शिवाय जुन्या मोटारींचें रबर अशा मिश्रणासाठीं केलेलें नसतें. तें फुगतें वा तडकतें. म्हणून नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालून घ्यावे.

प्लग ओले व पेट्रोलचा उग्र वास, असें असेल तर पेट्रोल जास्त झालें आहे. चोक पूर्ण आंत ढकलावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा व सेल्फ मारावा. कार्बोरेटरच्या तोंडांत वरून पेट्रोल ओतण्याची पद्धत कोणी करूं नये. एंजिन उलटें भडकलें तर तोंड भाजतें व मोटार पेटते.

चौथी परीक्षा: दाब

तिन्हीं परीक्षा उतरल्या आणि सेल्फ नेहमींपेक्षां हलका व भरभर फिरत असेल, तर दाब गेला आहे. झडपा, गॅस्केट वा आंतील साखळी यांचें हें काम घरीं करण्याजोगें नाहीं, गॅरेजांत न्यावें. मात्र पूर्वीं काय काय तपासलें हें लिहून न्यावें, म्हणजे तपासलेल्याच वस्तु पुन्हां बदलल्या जाणार नाहींत.

उभ्या मोटारीची निगा

पंधरवड्यांतून एकदां मोटार सुरू करून निदान दहा कोस फिरवून आणावी; जागीं पांच मिनिटें चालविल्यानें बॅटरी भरत नाहीं. महिनाभर वापरावयाची नसेल तर बॅटरीची अर्थची तार सोडून ठेवावी. पावसाळ्यापूर्वीं अर्थची पट्टी, टर्मिनलें व रबरी नळ्या डोळ्यांनीं पाहाव्या. मोटारींत मल्टीमीटर, जंपर केबल, एक प्लग, एक फिल्टर, पान्हे, पॉलिश कागद, विजेरी व एक वही ठेवावी. वहींत प्रत्येक दुरुस्तीची तारीख व कारण लिहावें.

आमच्या मोटारीच्या वहींत पहिल्या पानावर त्या श्रावणांतील रात्रीची तारीख आहे. दर पंधरवड्यास बंधु स्वतः मोटारींत बसून किल्ली फिरवितात, आणि मग मीं नोंद करतों.