मात होण्याआधीची हार

शाळेत बुद्धिबळाचा डाव बहुधा मात झाल्यावरच संपतो. मोठ्या सामन्यांत मात क्वचितच दिसते. हरणारा आधीच डाव सोडतो. २०२५ मध्ये बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तो निर्णायक डावही कोनेरू हंपीने डाव सोडल्यावर संपला. मोहरी शिल्लक असताना हार का मानावी, असे विद्यार्थी विचारतात. याचे उत्तम उत्तर १९२३ साली कोपनहेगन येथे झालेल्या सेमिश–निम्झोविच डावात मिळते.

पट पुढीलप्रमाणे मांडावा. (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.)

पांढरा (सेमिश): राजा एच१, वजीर ई३, हत्ती ई१ व जी१, उंट डी२ व जी२, घोडा बी१, प्यादी ए२, बी२, डी४, जी३, एच३.

काळा (निम्झोविच): राजा जी८, वजीर डी७, हत्ती एफ२ व एफ५, उंट डी३ व डी६, प्यादी ए६, बी४, डी५, ई४, ई६, जी७, एच६.

काळ्याने पंचविसाव्या खेळीत एच६ हे साधे प्यादे पुढे केले आणि सेमिशने डाव सोडला! रूढ मूल्यांनी बेरीज केली तर पांढऱ्याचे ३३ गुण होतात, काळ्याचे ३२. मग हार कुठे आहे?

आपण पांढऱ्याच्या चाली तपासू. घोड्याची ए३ व सी३ ही घरे काळ्याच्या बी४ प्याद्याच्या माऱ्यात आहेत. डी२ वर स्वतःचाच उंट आहे. तो उंट सी१ वर गेला तर घोड्याचा आधार तुटतो. ई१ चा हत्ती डी१ वर सरकला तर काळा हत्ती ई२ वर येऊन वजीर कोंडतो. राजा एच२ वर गेला तर जी२ चा उंट जखडला जातो आणि एफ५ चा हत्ती एफ३ वर येऊन वजीर जिंकतो. जी प्यादे पुढे टाकले, तर हत्ती एफ३ वर येतो. उंटाने तो मारताच दुसरा हत्ती एच२ वर मात देतो. कडेच्या प्याद्यांच्या मोजक्या निरुपद्रवी चाली तेवढ्या उरतात. त्या संपेपर्यंत काळ्याने राजा एच७–एच८ असा हलवीत थांबले तरी पुरे.

पांढऱ्याला चाल करावी लागते, हेच त्याचे संकट आहे. या स्थितीला जर्मन भाषेत ‘झुगझ्वांग’ म्हणतात, म्हणजे चाल करण्याची सक्ती. मोहऱ्यांची किंमत त्यांना मिळणाऱ्या मोकळ्या घरांवर ठरते, हे येथे स्पष्ट दिसते.

तेव्हा सेमिशचे डाव सोडणे म्हणजे सर्व पर्याय तपासून काढलेला निष्कर्ष होता. भूमितीत सिद्धता पूर्ण झाल्यावर आपण आकृती मोजत बसत नाही, तसेच हे. मात्र नवशिक्याने घाईने डाव सोडू नये. प्रतिस्पर्धी चुकू शकतो, कधी बरोबरीही साधते. सोनाळ्यासारख्या गावातील शाळेतही एका पटावर हा पाठ घेता येईल. डाव सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या सर्व चाली व त्यांची उत्तरे वहीत लिहायला सांगावे. यादी पूर्ण करताना कधी वाचवणारी चाल सापडेल. न सापडल्यास हार का झाली, हे त्याला कळलेले असेल.