पणजीचं रडार आणि केशवापुरावरचा ढग

वळवाच्या दिवसांत दुपारी आकाश भरून आलं की हुबळीच्या केशवापुरातले अनेकजण मोबाइलवर हवामान खात्याचं रडारचित्र उघडतात. हुबळी परिसर पणजीच्या आल्तिन्यावरील डॉप्लर रडारच्या टप्प्यात येतो. या रडारच्या चित्रात ढगाची उंचीही असते, पण ती कुठे पाहायची हे कळलं नाही तर आपला अंदाज हमखास चुकतो.

रडारची तबकडी सूक्ष्मलहरींचा झोत सोडत गोल फिरते. पावसाच्या थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरीला प्रतिध्वनी म्हणतात. पणजीहून हुबळी सरळ रेषेत सुमारे १३८ किलोमीटर आहे. तरी जाऊन-येऊन एक मिलिसेकंदही लागत नाही. या वेळेवरून अंतर कळतं.

एक फेरी झाली की तबकडी थोडी वर कलते आणि पुन्हा फिरते. अशा एकाहून एक उंच फेऱ्या जोडून संगणक आकाशाचा घनाकार नकाशा तयार करतो.

हा घन सपाट पडद्यावर मांडण्याची एक रीत म्हणजे ‘मॅक्स झेड’ चित्र. मधल्या चौकोनात प्रत्येक जागेवरच्या आकाशातला सर्वांत जोरदार प्रतिध्वनी असतो. तो कोणत्या उंचीवरचा, हे चौकोन सांगत नाही. केशवापुरावर लाल ठिपका दिसला, तरी ते थेंब पाच किलोमीटर वर अधांतरी असू शकतात.

उंचीसाठी कडेच्या पट्ट्या पाहाव्यात. वरची पट्टी ढग दक्षिणेकडून पाहावा तसा दाखवते, उजवीकडची पूर्व-पश्चिम बाजूने. हुबळीपासून सरळ वर बोट नेलं की वरच्या पट्टीत ढगाचा माथा किती किलोमीटरवर आहे ते दिसतं.

इथेच बहुतेकांची फसगत होते. त्या पट्टीत उत्तर-दक्षिण रेषेवरचे सगळे ढग एकावर एक चढलेले असतात. सौंदत्ती हुबळीच्या जवळजवळ बरोबर उत्तरेला आहे. तिथला ढगही त्याच जागी उमटतो. म्हणून हुबळीपासून आडवं उजवीकडेही जावं. दोन्ही पट्ट्यांत उंची जुळली, तरच तो ढग आपला असण्याची शक्यता बळावते.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. झोत अर्धा अंश वर रोखलेला असेल, तर हुबळीपाशी त्याचा मध्य समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन किलोमीटरवर असतो, म्हणजे आपल्या जमिनीपासून दीड किलोमीटरहून उंच. एक अंश रुंदीचा झोत इथवर येईतो जवळपास २.४ किलोमीटर पसरतो, त्यामुळे बारकावे पुसट होतात. शिवाय मध्ये सह्याद्री. काही दिशांना तो खालचा झोत अडवू शकतो. पडदा कोरा असताना अंगणात भुरभुर चालू असते, ती यामुळेच.

रंगांचं परिमाण डीबीझेड, म्हणजे प्रतिध्वनीचा जोर. वीसच्या आसपास हलका पाऊस, चाळीसच्या पुढे जोरदार. पन्नासच्या पुढे गारांची शंका घ्यावी.

शेवटी वेळ तपासावी. ती यूटीसीत दिली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवावेत. सगळ्या फेऱ्या पुऱ्या होऊन चित्र आपल्यापर्यंत येण्यात काही मिनिटं जातात आणि वळवाचा ढग तेवढ्यात डोक्यावर येतो. गडगडाट ऐकू आला की पुढच्या चित्राची वाट न पाहता पक्क्या घरात जावं.