स्त्रियांचा निरोध : दोन धोके, एक पडदा

शाळेत आरोग्यशिक्षणाच्या तासाला प्रश्नपेटी ठेवली, की चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न बहुधा असतोच : 'निरोध फक्त पुरुषांसाठीच असतो का?' शिक्षिकांशी बोलताना त्याच्याच जवळचा दुसरा प्रश्न येतो : 'माझे ऑपरेशन झाले आहे. मग आता निरोधाचे काय काम?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली आहेत. ती आपण क्रमाने पाहू.

आधी ऑपरेशनचे घेऊ. स्त्रीच्या नसबंदीत बीजवाहिन्या बंद करतात. त्यामुळे शुक्रजंतू व स्त्रीबीज यांची भेट होत नाही. गोळ्यांमुळे मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते. तांबी गर्भाशयात राहून शुक्रजंतूंना निकामी करते. हे सारे उपाय शरीराच्या आत, खोलवर काम करतात. रोगजंतूंना मात्र इतके आत जावेच लागत नाही. एचआयव्ही, परमा किंवा गरमी यांचे जंतू योनिमार्गाच्या व गर्भाशयमुखाच्या अस्तरातूनच शिरकाव करतात. म्हणजे ऑपरेशन झालेल्या स्त्रीला गर्भधारणेपासून संरक्षण मिळाले, संसर्गापासून अजिबात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. तेव्हा हा गैरसमज दूर करणे किती गरजेचे आहे, हे लक्षात येईल.

दोन्ही धोके एकाच वेळी टाळायचे, तर वाटेतच पडदा हवा. पुरुषाचा निरोध हे काम करतो; पण तो वापरायचा की नाही, हे पुरुष ठरवतो. नवरा 'नको' म्हणाला, की स्त्रीच्या हातात काय उरते? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून १९८०च्या दशकात डेन्मार्कमधील डॉक्टर लासे हेसेल यांनी स्त्रीने वापरायचा निरोध तयार केला. अमेरिकेत त्याला १९९३ साली मान्यता मिळाली.

त्याची रचना सोपी आहे. सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची, पातळ व मऊ अशी ही पिशवी असते. तिचे एक टोक बंद व दुसरे उघडे असते. बंद टोकाशी आत एक लवचिक कडे असते. ते बोटांनी दाबून लांबट करायचे आणि योनिमार्गात जाईल तितके आत सरकवायचे. उघड्या तोंडाचे मोठे कडे बाहेरच राहते व योनिमुखाभोवतालचा काही भाग झाकते. ही पिशवी संबंधाच्या आधी काही तास बसवून ठेवता येते. ऐन वेळी थांबावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. संबंधाच्या वेळी लिंग पिशवीच्या आतच जाते ना, बाजूने जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे. नंतर बाहेरच्या कड्याला पीळ देऊन ती काढावी आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी. प्रत्येक वेळी नवीन वापरावी.

पिशवी आत हरवेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. पण योनिमार्ग ही वरच्या बाजूला गर्भाशयमुखाशी संपणारी जागा आहे आणि त्या मुखाचे छिद्र अगदी बारीक असते. पिशवी त्यातून पलीकडे जाऊ शकत नाही.

दुसरी चूक म्हणजे स्त्रीने व पुरुषाने एकाच वेळी निरोध वापरणे. दोन पडद्यांच्या घर्षणाने ते फाटण्याची किंवा सरकण्याची शक्यता असते. म्हणून एका वेळी एकच वापरावा.

पिशवी कशाची आहे, तेही पाहावे. पहिले निरोध पॉलियुरेथेनचे होते, नंतरचे नायट्राइलचे आले. या दोहोंवर तेलाचा परिणाम होत नाही. नैसर्गिक रबराला मात्र तेल लागले, की ते कमकुवत होते. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे तयार होणारा निरोध नैसर्गिक रबराचा आहे. त्यात आतल्या कड्याऐवजी स्पंज असतो. अशा निरोधाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये.

हा उपाय कितपत खात्रीचा? वर्षभर प्रत्येक वेळी अचूक वापर केला, तर १०० पैकी सुमारे ५ स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्षात माणसे कधी विसरतात, कधी चुकतात. अशा नेहमीच्या वापरात हा आकडा २१ पर्यंत जातो. पुरुषांच्या निरोधासाठी हेच आकडे सुमारे २ व १३ आहेत, आणि काहीच न वापरल्यास ८५. ५ आणि २१ यांतील अंतर सवयीचे व सरावाचे आहे. दोन-तीनदा बसवून पाहिल्यावर हात बसतो. नागीण किंवा मस्से त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात. त्यामुळे न झाकलेल्या भागातून त्यांचा संसर्ग होऊ शकतो, हेही सांगायला हवे.

या निरोधाच्या अडचणीही आहेत. तो पुरुषांच्या निरोधापेक्षा महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. शिवाय बाहेरचे कडे दिसत असल्याने तो नवऱ्यापासून सहसा लपवता येत नाही. थोडे बोलावे लागतेच. मात्र 'तुम्ही वापरा' म्हणण्याऐवजी 'मी वापरते' असे म्हणता येते, आणि अनेक घरांत हा फरक लहान नसतो. झिंबाब्वेतील स्त्रियांनी १९९०च्या दशकात सुमारे ३० हजार सह्या गोळा करून सरकारकडे या निरोधाची मागणी केली होती. १९९७ साली तो तेथे मिळू लागला.

तेव्हा प्रश्नपेटीत पुन्हा ती चिठ्ठी आली, तर ती बाजूला ठेवू नये. 'हो, स्त्रियांसाठीही निरोध असतो' एवढे सांगून थांबूही नये. मूल न होणे आणि रोग न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच वेळी फळ्यावर लिहावे. ऑपरेशन झालेल्या कितीतरी आयांपर्यंत ही माहिती त्यांच्या मुलींकडूनच पोहोचेल.